खाली घ्या, पण बसवून

शिरूरच्या डॉक्टरांनी माझ्या छातीला नळी लावली, पाठीला लावली, एक्स-रे उजेडाला धरून बघितला आणि विचारलं, "आजी, बिडी ओढता का?"

"न्हाई."

"मिश्री?"

"लावते. पण दाताला. छातीला न्हाई."

"मग एवढा धूर आत गेला कुठून?"

"चुलीचा हाय. परकर नेसत हुते तवापासनं चुलीम्होरं हाय मी."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी कागदावर चार इंग्रजी अक्षरं लिहिली आणि मोठ्यानं वाचली. सीओपीडी. मग त्यांनी समजावलं. धुरानं फुफ्फुसातल्या नळ्या आतून सुजतात आणि अरुंद होतात. घेतलेला श्वास पुरा बाहेर पडत नाही. जुनी हवा आत कोंडून राहते, म्हणून नव्या हवेला जागा मिळत नाही. मी माझ्या परीनं समजून घेतलं. कणगी जुन्या बाजरीनं भरलेली असली की वरून कितीही ओता, दाणे बाहेरच सांडणार.

"बरं कवा हुईल?" मी विचारलं.

"पूर्ण बरं होणार नाही. आटोक्यात ठेवता येईल."

"मग मी गुदमरून मरणार का?"

डॉक्टर म्हणाले, "असं बोलायचं नाही आजी. घाबरू नका." आणि त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. माझा मुलगा दत्ता माझा दंड धरून मला बाहेर घेऊन आला. तो रांजणगावच्या एका कंपनीत कामाला आहे, त्या दिवशी रजा टाकून आला होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "आई, काय बी काय इचारतीस लोकांम्होरं?"

मला मरणाची भीती नव्हती. माझ्या बरोबरीच्या निम्म्या बाया गेल्या. नवरा गेला त्यालाही बरीच वर्षं झाली. भीती होती ती गुदमरण्याची. आमचे लोक पूर्वी मेंढरं राखायचे. लहानपणी बापाबरोबर भीमेच्या काठानं जाताना एक मेंढी गाळात रुतली. पाणी तिच्या नाकापर्यंत आलं आणि ती तोंड वर करून बघत राहिली. तिचे ते डोळे मी म्हातारी झाले तरी विसरले नाही. एक्स-रेची पिशवी मांडीवर घेऊन एस.टी.त बसले तेव्हा मला तीच दिसत होती.

त्यानंतर दीड-दोन वर्षं दवाखान्यांत गेली.

पुण्याला मोठ्या हॉस्पिटलात स्पायरोमेट्री नावाची टेस्ट केली. एका नळीत जोरात फुंकायचं आणि फुफ्फुसात किती दम आहे ते मशीन सांगतं. जन्मभर फुंकणीनं चूल पेटवलेली बाई मी, मला वाटलं ह्यात मी पहिली येणार. मी फुंकलं. मशीनवरची पोरगी म्हणाली, "आजी, फुंका ना." मी म्हणाले, "फुंकलं की."

तिथली बाकं लोखंडाची. सकाळी बसायचं, दुपारी नंबर यायचा. शेजारचे पेशंट एकमेकांना आजार विचारायचे, मी विचारत नव्हते. बोलायलाही दम लागायचा, तो डॉक्टरसाठी राखून ठेवायचा.

थंडीत दोनदा ॲडमिट केलं. नाकाला ऑक्सिजन, दंडात सुई. दिवसातून तीन-चारदा नेब्युलायझर लावायचे, म्हणजे मशीनमधून औषधाची वाफ करून तोंडावाटे देतात. बरं वाटायचं. घरी यायचे, महिनाभर जायचा आणि पुन्हा तेच. दत्ताच्या ड्युट्या बुडायच्या. सून मंगल जनावरं, पोरं आणि माझं सगळं बघायची. मला आडवं पडून झोपता येत नव्हतं. खाटेवर गोधड्यांची उतरंड रचून त्यावर डोकं टेकून बसल्या बसल्या डोळा लागायचा. अंघोळ दोन तांब्यांत आटपायची, कारण तिसरा तांब्या उचलेपर्यंत धाप लागायची.

पुण्याच्या डॉक्टरांनाही मी तेच विचारलं. ते म्हणाले, "पॉझिटिव्ह राहा."

मी दत्ताला विचारलं, "म्हंजी काय?"

"चांगला इचार कर म्हणत्यात."

"चांगलाच करतीया. सरळ इचारलं तर सरळ उत्तर मिळंना, त्याचा इचार करतीया."

मग एक दिवस शिरूरच्या डॉक्टरांनीच दौंडजवळच्या एका ठिकाणाचं नाव सांगितलं. हॉस्पिस. ज्यांचा आजार बरा होणार नाही त्यांची शुश्रूषा करणारी जागा. आमच्याकडं तिला हॉस्पिस कुणी म्हणत नव्हतं. दौंड म्हणजे रेल्वेचं गाव, म्हणून लोक तिला शेवटचं स्टेशन म्हणायचे. तिथं कॅन्सरची माणसं जायची आणि माघारी येत नसत. त्यांची एक पांढरी जीप होती. कारेगावजवळ आमची वस्ती आहे, तिथं ती जीप तोवर एकदाच आलेली. पलीकडच्या घरात घशाच्या कॅन्सरचा माणूस होता. जीप आली आणि आठवड्यात माणूस गेला. तेव्हापासून लोकांनी जीप आणि मरण एकाच दाव्याला बांधलं होतं.

दत्ता डॉक्टरांवर भडकला. "आईला तिकडं टाकू? लोकं शेण घालत्याल तोंडात."

डॉक्टर म्हणाले, "टाकायचं नाही, दाखवायचं. ते आता लांबलेल्या आजारांचे पेशंटही घेतात. शेवटाची वाट न बघता."

दत्ता नाही म्हणाला. मी म्हणाले, "जाऊ. बघून तर येऊ. पुण्याची बाकं बघून कंटाळा आलाय मला."

ती जागा बैठी होती. सहा-सात खोल्या, पुढं कडुनिंब, व्हरांड्यात खाटा टाकलेल्या. मला वाटलं होतं रडारड असेल. एक म्हातारा रेडिओवर बातम्या ऐकत होता आणि एक बाई लसूण सोलत होती. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला तपासलं, सगळे कागद वाचले आणि विचारलं, "तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?"

असं मला कुणी विचारलं नव्हतं. दत्ता खोकला. मी त्याच्याकडं न बघता म्हणाले, "मी गुदमरून मरणार का, ते सांगा."

बाई खुर्ची जवळ घेऊन बसल्या. म्हणाल्या, "बहुतेक नाही. या आजारात शेवटी झोप वाढत जाते, माणूस गुंगीत जातं. पण त्याआधी मधूनमधून दमाचे झटके येतील, जीव घाबरा होईल. त्यातले बरेच घरच्या घरी शमवता येतात, ते आम्ही शिकवू. जो झटका घरी शमणार नाही, त्यासाठी आमच्याकडे औषधं आहेत. तुम्हाला गुदमरत ठेवणार नाही."

मी दत्ताला म्हणाले, "बघ. उत्तर हुतं."

त्याचं तोंड उतरलेलं होतं, पण खरं सांगायचं तर त्या दिवशी घरी येताना मी एस.टी.त झोपले. कित्येक महिन्यांनी.

बाईंनी आणखी एक सांगितलं. आधी त्यांच्याकडं लोक अगदी शेवटच्या आठ-पंधरा दिवसांत यायचे. नाव-गाव कळेपर्यंत माणूस जायचं. दुखणं तेवढं कमी करता यायचं, बाकी काही शिकवायला वेळच उरत नसे. आणि दम, किडनी, हृदय, अर्धांगवायू असलेली माणसं वर्षानुवर्षं घरात काढतात, त्यांच्याकडं बघणारं कुणी नसतं. म्हणून त्यांनी ठरवलं की अशांना आधीपासून घ्यायचं.

"म्हंजी मी हितं ऱ्हायाचं?"

"नाही. तुम्ही घरीच. आमच्या सिस्टर येतील."

"त्याच जीपमधनं?"

"जीप एकच आहे आमची," बाई म्हणाल्या.

वैशाली सिस्टर दौंडच्याच. उंच, आवाज स्टेशनवर भोंगा वाजावा तसा. पहिल्या दिवशी त्यांनी माझी छाती बघायच्या आधी माझं घर बघितलं. चूल कुठं, खाट कुठं, खिडकी उघडते का, न्हाणी किती लांब. मग पदर खोचून कामाला लागल्या. चूल घरातून बाहेर छपरात गेली आणि मी वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसायचं ठरलं. न्हाणीत पाटाऐवजी उंच स्टूल आलं, बादली दगडावर चढवली, म्हणजे वाकायला नको. तिसरा तांब्या, चौथा तांब्या, मी पुन्हा मन भरून अंघोळ करू लागले. ज्याला धाप लागत नाही त्याला यातलं सुख कळणार नाही.

पंप मला पुण्यातच दिला होता. तोंडात धरून दाबायचा, औषध उडतं, ते श्वासाबरोबर ओढायचं. माझं ओढणं आणि दाबणं कधी जुळलंच नाही, सगळं औषध जिभेवर. सिस्टरांनी पाण्याची रिकामी प्लास्टिकची बाटली घेतली, बुडाला गरम सुरीनं भोक पाडून पंप त्यात बसवला. बाटलीत औषध सोडायचं आणि तिच्या तोंडातून सावकाश चार-पाच श्वास घ्यायचे. पहिल्यांदा औषध छातीत उतरलं.

"आन् आता फुंकणी," सिस्टर म्हणाल्या. "चूल फुंकताना ओठ कसे करता? तसेच करा. नाकानं घ्या, आन् ओठ बारीक करून हळूहळू सोडा. घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा."

ज्या फुंकणीनं छाती घालवली तीच छातीला शिकवायची. मला हसू आलं. पण त्यानं कोंडलेली हवा बाहेर पडते, हे मी अंगानं अनुभवलंय.

मग त्यांनी मंगलला आणि मला अंगणात नाटक करायला लावलं. मी झटका आल्याचं सोंग करायचं आणि मंगलनं काय करायचं ते करून दाखवायचं. आधी बसवायचं, पुढं वाकवून हाताखाली उशी द्यायची. दारं-खिडक्या मोकळ्या, गर्दी बाहेर. बाटली आणि पंप. तोंडावर वारा. पंख्याचा, आणि लाईट गेली असेल तर सुपाचा. तोंडावर वारा लागला की जीव घाबरा होणं कमी होतं, असं सिस्टर म्हणाल्या. मी डोळे फिरवून सोंग करायला लागले की मंगलला हसू फुटायचं.

सिस्टर ओरडायच्या, "हसती काय? सासू मराय लागलीया तुझी!"

"अवो, पर ह्या लईच करत्यात!"

पाच-सहा वेळा करून घेतलं. मला कंटाळा आला, सिस्टरांना नाही.

चुलत जाऊ गंगू कुंपणापलीकडून सगळं बघायची. एकदा तिनं मला हळूच विचारलं, "ही सिस्टर कुणापैकी गं?" मी म्हणाले, "तुला दम लागंल तवा तिलाच इचार." सिस्टर आमच्याच कपात चहा प्यायच्या आणि कप स्वतः विसळायला जायच्या, तो मंगल त्यांच्या हातातून ओढून घ्यायची.

जीप महिन्यातून दोनदा यायची. मी सिस्टरांना म्हणाले होते की जीप रस्त्यालाच उभी करा, लोक बोलतात. त्या म्हणाल्या, "चारदा येऊन गेले आन् तुम्ही जित्याच ऱ्हायल्या, तर आपोआप गप बसतील."

लोक गप बसले नाहीत. वस्तीवर बोलणं असं सुरू झालं की म्हातारीचा जीव कशात तरी अडकलाय, म्हणून जीप परत परत येते. गंगू तर मला विचारायला आली, "तुला काय खावंसं वाटतंय का? मनात ठिवू नगं."

"बोंबील," मी म्हणाले. तिनं खरंच आणले.

असं जवळजवळ वर्ष गेलं. पुण्याला एकदाही ॲडमिट व्हावं लागलं नाही. मग थंडीत छातीत कफ झाला, ताप आला. ठरल्या दिवशी सिस्टर आल्या, इन्फेक्शन आहे म्हणाल्या, गोळ्या सुरू केल्या. दुसऱ्या दिवशी खास बघायला पुन्हा आल्या. त्या म्हणाल्या, "उद्या उतार नसला तर फोन करा, मी सिलिंडर घेऊन येते, गरज पडली तर चार दिवस तिकडं नेते."

लागोपाठ दोन दिवस जीप. वस्तीला आणखी काय पाहिजे. गंगूनं पीसीओवरून यवतला माझ्या माहेरी निरोप धाडला, की जीप रोज यायला लागली, येऊन तोंड बघून घ्या.

आता आमच्यातली एक रीत सांगते, म्हणजे पुढचं समजेल. माणसाला खाटेवर मरू द्यायचं नाही असं आम्ही मानतो. शेवटची घटका आली असं वाटलं की त्याला उचलून जमिनीवर घोंगडीवर निजवतात आणि तोंडात तुळशीचं पाणी घालतात. ह्याला खाली घेणं म्हणतात. माझ्या सासूला, नवऱ्याला, आईला मी स्वतः हात लावून खाली घेतलंय. त्यात वाईट काही नाही. ज्यानं नातेवाइकाला खाली घेतलं नाही, त्याला भावकी जन्मभर ऐकवते.

तिसऱ्या दिवशी ताप होताच. दत्ता ड्युटीवर होता. सकाळी मंगल सिस्टरांना फोन करायला रस्त्यावरच्या दुकानात गेली. मी खाटेवर पुढं वाकून, उशीवर हात टेकून बसले होते, फुंकणी चालली होती. धाप होती, पण आवाक्यात होती.

तेवढ्यात टेम्पो आला. माझा थोरला भाऊ, ज्याला आम्ही सगळे आबा म्हणतो, भावजय, दोन भाचे आणि मागं बाया. उंबऱ्यातूनच रडत आल्या. लाईट गेलेली, पंखा बंद. खोलीत दहा-बारा माणसं. गंगूनं ऊद लावला. आबानं देवाचा भंडारा माझ्या कपाळाला लावला आणि चिमूटभर तोंडात घातला.

ती कोरडी हळद घशात गेली आणि मला खोकल्याची उबळ आली. खोकता खोकता धाप, धापेत ऊद. मला सांगायचं होतं, बाहेर व्हा. पण बोलायला हवा लागते आणि ती नव्हती. मी हातानं दाराकडं दाखवलं.

भावजय रडत म्हणाली, "बोलावणं आलंय जणू. दाराकडं दावत्यात."

आबानं माझे डोळे बघितले. त्यानं बाहीनं स्वतःचे डोळे पुसले. म्हणाला, "घ्या खाली."

भाच्यांनी मला खांद्याला आणि पायाला धरून उचललं. घोंगडी अंथरली होती. त्यांनी मला तिच्यावर सरळ, उताणं निजवलं. सावकाश, मायेनं.

सीओपीडीच्या माणसाला झटक्यात उताणं निजवणं म्हणजे काय, ते मी सांगते. छातीवर कुणी भरलं पोतं ठेवून त्यावर बसावं तसं होतं. आत गेलेलं बाहेर येईना, बाहेरचं आत जाईना. वर माणसांची तोंडं दिसत होती आणि आवाज लांबून आल्यासारखे येत होते. ती भीमेतली मेंढी आता मी होते. मला डॉक्टरीणबाईंचा राग आला. म्हणाल्या होत्या, गुदमरत ठेवणार नाही.

आबा तुळशीचं पाणी पळीत घेऊन वाकला आणि दारातून मंगल ओरडली.

"मामा, पाणी घालू नगा! बसवा त्यांना!"

मंगल लग्न होऊन आल्यापासून आबासमोर कधी बोलली नव्हती. तो आला की डोक्यावरचा पदर पुढं ओढून दाराआड उभी राहायची. आबा दचकून मागं बघायला लागला.

"पोरी, खाली घेतलंय. आता हलवू नये."

"बसवल्याबिगर श्वास याचा न्हाई त्यांना."

"आगं, श्वास संपलाय तिचा."

"संपला न्हाई, कोंडलाय!" ती माणसांतून वाट काढत आत आली. "हात लावा."

"आन् खाटंवर गेली तर? लोकं मला इचारत्याल, सख्ख्या भनीला..."

"खाटंवर नगा नेऊ. खालीच ऱ्हाऊ द्या. पण बसवून!"

तिनं वाट बघितली नाही. माझ्या डोक्याकडं बसली, काखेत हात घालून मला ओढून बसतं केलं, स्वतःचा गुडघा माझ्या पाठीला लावला आणि मला पुढं वाकवून उशी दिली. मग आवाज चढवला. "काकू, ऊद भाईर न्या. सगळ्या बाया भाईर. खिडकी सोडा. मामा, रडताय काय? सूप घ्या, वारा घाला."

माझ्या भावासमोर भावकीतली म्हातारी माणसंही आवाज खाली ठेवून बोलतात. त्यानं सूप घेतलं आणि मला वारा घालायला लागला.

मंगलनं बाटली माझ्या तोंडाला लावली. "फुंकणी, आत्याबाई, फुंकणी. चूल इझली बगा." पहिला श्वास जेमतेम गेला. दुसरा थोडा. ती माझ्याबरोबर ओठ बारीक करून फुंकत होती, म्हणून मीही फुंकत होते. सुपाचा वारा तोंडावर येत होता. किती वेळ गेला कुणास ठाऊक. हळूहळू छातीवरचं पोतं हलकं झालं. आवाज जवळ आले. आबाचा हात दुखायला लागला तसा त्यानं बदलला, पण वारा थांबवला नाही.

बाहेर जा म्हटलं तरी गंगू तिथंच, दारात पदर तोंडाला लावून उभी होती आणि बाहेरून येणारं वारं तिनंच अडवलं होतं. मी एकेक शब्द काढला.

"ती... म्हस... दारातनं... हलवा."

मग आबाच्या तोंडून आधी हुंदका निघाला की हसू, ते मला आजही सांगता येणार नाही. गंगू मागं सरली आणि म्हणाली, "आत्ता गं बया, हिचा तर स्वभाव बी माघारी आला!"

दुपारी सिस्टर सिलिंडर घेऊन आल्या. मला आहे तिथंच, घोंगडीवर बसवूनच ऑक्सिजन लावला. घडलेलं सगळं ऐकून घेतलं, कुणाला बोलल्या नाहीत. आबाला म्हणाल्या, "मामा, हाताला तेल लावा, रात्री ठणकंल." मग मला जीपमध्ये बसवलं. आबा जीपच्या दाराला धरून उभा राहिला.

"माघारी आणणार का तिला?"

"आणणार की. हिकडं यायचंच असतंय मला, जीप मोकळी कशाला आणू?"

चार-पाच दिवस मी त्या शेवटच्या स्टेशनात होते. इंजेक्शनं, वाफ, ऑक्सिजन. कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसायचे. ती लसूण सोलणारी बाई नव्हती. मी विचारलं. डॉक्टरीणबाईंनी खरं सांगितलं, ती गेली, झोपेत गेली. मी त्यांना म्हणाले, "मला वाटलं तुमी खोटं बोलला. मी गुदमरले."

त्या म्हणाल्या, "हो, गुदमरलात. सुनेला शिकवायला आमच्या हातात वर्ष होतं, म्हणून त्यातून बाहेर आलात. तुमच्या भावापर्यंत आम्ही पोचलो नव्हतो. ते आमचं राहून गेलं."

डॉक्टर माणसानं असं सरळ म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

मला घरी सोडायला जीप आली तेव्हा सगळी वस्ती जमली. त्या जीपमधून आपल्या पायांनी उतरलेलं माणूस त्यांनी बघितलं नव्हतं. दत्तानं सिस्टरांची पिशवी उचलून घरात नेली. शेण घालायला आलेलं कुणी दिसलं नाही. गंगू लांबून बघत होती. जीप वळली तशी ती पुढं झाली आणि काचेवर हात मारून सिस्टरांना म्हणाली, "आमच्यात बी थांबंल का हो ही? आमचं मालक अर्ध्या अंगानं पडून हाईत. तसं आत्ताच काय न्हाई त्यांना..."

"आत्ताच काय न्हाई तवाच थांबती आता ही जीप," सिस्टर म्हणाल्या आणि खाली उतरल्या.

मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. ज्यांच्या घरी असं लांबलेलं दुखणं आहे त्यांना मी एवढंच सांगते. अशी मदत मिळत असेल तर शेवटाची वाट बघत बसू नका. माणूस हिंडतंफिरतंय, जेवतंय, भांडतंय, तेव्हाच बोलवा. शेवटी बोलवलं तर ते फक्त दुखणं तेवढं कमी करू शकतात. आधी बोलवलं तर ते तुमच्या सुनेला शिकवतात. आणि नुसत्या सुनेला नको, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना बोलावून शिकवा. वेळेला घरात कोण असेल ते सांगता येत नाही. आणि डॉक्टरला जे विचारायचं ते विचारा. एकानं टाळलं तर दुसऱ्याला विचारा. उत्तर असतं.

पुढच्या भाऊबीजेला आबा यवतहून आला. ओवाळून झाल्यावर त्यानं गाठोडं सोडलं. आत नवी घोंगडी होती, काळी, चांगल्या लोकरीची, कडा विणलेल्या.

"ही कशाला?" मी विचारलं.

त्यानं घोंगडीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "तवा खाली हुती ती जुनी हुती. टोचत आसंल."

मला कळलं ती कशासाठी आहे. म्हणाले, "आबा, माझी वेळ आली की तूच खाली घे मला. पण बसवून. भिताडाला टेकून. मंगल आडवं करा म्हणंल तवाच आडवं करायचं."

"बसून मेलेलं माणूस बघितलंय का कुणी?"

"मग मला बघा."

त्यानं मान हलवली. मंगल दाराआडून बाहेर आली आणि आबाच्या समोरच उभं राहून म्हणाली, "मामा, सूप घेऊन दावा बरं परत, इसरला न्हाई ना?" आता ती त्याच्याशी बोलते. तोही ऐकतो. त्यानं खरोखर भिंतीवरचं सूप काढलं आणि मला वारा घातला. दिवाळीच्या थंडीत.

ती घोंगडी पेटीत ठेवायची म्हणून मंगलनं घडी केली. मी म्हणाले, आण इकडं. मेल्यावर ती मऊ आहे की टोचते ते मला काय कळणार? तेव्हापासून ती माझ्या खाटेवर आहे. तिची जाड घडी पाठीशी घेऊन मी बसते, रात्री तिलाच टेकून झोपते. हे लिहितानाही ती पाठीशीच आहे.